कारवी कुठे फुलली ते सांगणार नाही

नाही म्हणजे नाही. आणि ते ‘बरं, सगळ्यांना नको, फक्त मला इनबॉक्समध्ये सांग’ हे तर अजिबातच नाही. गेल्या सप्टेंबरपासून तुम्ही माझ्या त्या एका जांभळ्या फोटोखाली भांडताय. एकाने लिहिलं, ‘निसर्ग तुझ्या बापाचा आहे का?’ नाही. माझे पप्पा अंबरनाथला केमिकल कंपनीत शिफ्टला जातात, त्यांच्या नावावर निसर्ग नाही, बदलापूरच्या मांजर्लीतला वन बीएचके आहे. दुसरीने लिहिलं, ‘प्रवासाचा ब्लॉग चालवायचा आणि पत्ता लपवायचा, मग लिहितेस कशाला?’ हा प्रश्न बरोबर आहे. उत्तरही आहे, पण ते कमेंटमध्ये मावत नाही, म्हणून ही पोस्ट. फक्त एक, माझी बॅग दारात भरून ठेवलीय. लिहून झालं की मी निघणार.

तर. ठिकाण लांब नाही. लांब जायचं होतं, हिमाचल वगैरे, पण सुट्ट्या जुळेनात. माझी कॉलेजची मैत्रीण रोशनी, उल्हासनगरची, सिंधी, तिला मी फोनवर अर्धा तास रडगाणं ऐकवलं. ती म्हणाली, “प्रज्ञा, तेरी बिल्डिंग के पीछे जो पहाड है ना, उधर तू कधी गेलीस का?”

बावीस वर्षं त्या डोंगराकडे बघत गच्चीवर कपडे वाळत घातलेत. पावसाळ्यात तो दिसतो की नाही यावर आई छत्री देते. पण गेले? नाही. बदलापूरला लोक फ्लॅट बघायला येतात, डोंगर बघायला नाही. आम्हीसुद्धा.

ठरलं. रविवारी पहाटे मी आधी उलट्या दिशेला उल्हासनगरला गेले, कारण स्कूटर रोशनीची आणि तिची अट होती की दाल पकवान खाल्ल्याशिवाय स्कूटर चालू होत नाही. ज्यांनी खाल्लं नाही त्यांच्यासाठी: कडक, ताटाएवढा तळलेला पकवान, त्यावर घट्ट चणाडाळ, चिंचेची चटणी, कच्चा कांदा. दोघींचं शंभरात होतं. सकाळी आठपर्यंत जा, नंतर पकवान मऊ पडतो आणि गाडीवाल्याचा स्वभाव कडक होतो. तिथून आम्ही तिच्या पप्पांच्या कारखान्यात डोकावलो. जीन्स शिवतात. रविवार असूनही काका एकटेच बसले होते, निळ्या कात्रणांच्या ढिगाशेजारी.

“पहाड पे क्या है, पुट?” त्यांनी रोशनीला विचारलं. पुट म्हणजे सिंधीत बाळ.

“पता नहीं पप्पा, वही देखने जा रहे हैं.”

“पता नहीं तो जाना क्यूँ?” या प्रश्नावर आम्ही निघालो.

कल्याण-बदलापूर रस्ता ज्यांना माहीत आहे त्यांना खड्ड्यांबद्दल वेगळं सांगत नाही. बाकीच्यांनी कंबरेचा पट्टा आणावा. वाटेत अंबरनाथचं शिवमंदिर केलं. पूर्वेला, वालधुनीच्या काठावर, काळ्या दगडाचं. नदीचा वास येतो, नाक धरा, पण डोळे उघडे ठेवा. बाहेरच्या भिंतीवर एक बोट ठेवायला जागा नाही इतकं कोरीव काम. गाभारा जमिनीच्या खाली, वीसेक पायऱ्या उतरून जायचं, आणि वर बघितलं की छप्पर नाही, सरळ आभाळ. आमच्या पुढे एक जोडपं उतरत होतं.

“हे कुणी बांधलं गं?” नवरा.

“पांडवांनी. सगळं त्यांनीच बांधलंय. वनवासात दुसरं काम काय होतं त्यांना?”

मंदिर जवळजवळ हजार वर्षांचं आहे, पांडवांचं नाही. पण मला त्या बाईचं आवडलं. भिंत उभी दिसली की कुणीतरी ती बांधली असणार, हे निदान तिच्या मनात येतं. माझ्या घराची भिंत कुणी बांधली मला माहीत नाही. पूर येऊन गेला की तिच्यावर कंबरेएवढी मातकट रेघ राहते आणि पप्पा रंग काढतात, एवढंच माहीत.

बदलापूरला पेट्रोल भरलं, पाण्याच्या बाटल्या घेतल्या. आणि इथून पुढे रस्ता डावीकडे वळतो की उजवीकडे, वांगणीच्या बाजूला की मलंगगडाच्या, हे मी सांगणार नाही. साधारण तास लागला, शेवटची वीस मिनिटं लाल चिखल. मग एक पाडा. ठाकर आदिवासींचा, वीस-बावीस घरं. स्कूटर एका आंब्याखाली लावली, पायवाट धरली, आणि पहिलं वळण घेतलं तर अख्खा उतार जांभळा.

मला वाटलं, कुणीतरी काहीतरी सांडलंय. माणसाच्या डोक्याच्या वर जाणारी झुडपं, प्रत्येक काठीला खालपासून वरपर्यंत निळी-जांभळी फुलं, आणि मधमाशांचा इतका आवाज की रोशनी म्हणाली, “मशीनें चालू हैं क्या?” तिच्या घरी आवाज म्हणजे शिलाई मशीन. कारवी सात वर्षांनी एकदा फुलते हे मी शाळेत वाचलं होतं, पण ते परीक्षेपुरतं. सात वर्षांपूर्वी मी ज्या गच्चीवर उभी राहून बोर झाले म्हणत होते, तिथून तासाभरावर हे चालू होतं आणि मला पत्ता नाही.

रोशनीने केसात खोवायला एक तुरा मोडायला घेतला.

“ए बाय! हात काढ!”

वाटेवर एक बाई, डोक्यावर लाकडांची मोळी, कमरेला कोयता. तिने मोळी खाली टाकली ती आमच्या पायाजवळच. “फुलात आलेल्या कारवीला हात लावायचा नाय. आयनं शिकवला नाय काय?”

“आमच्या आईला पण माहीत नाही, मावशी,” मी म्हणाले. खरंच माहीत नसणार.

या नामीमावशी. रागावल्या होत्या, पण कुणाला काही माहीत नसलं की सांगितल्याशिवाय त्यांना राहवत नाही. पाच मिनिटांत आम्ही त्यांच्या अंगणात बसून कोरा चहा पीत होतो.

“वय किती मावशी तुमचं?” रोशनीने विचारलं.

“ही आठवी कारवी माझी.”

“आठ सत्ते छप्पन,” रोशनी लगेच. धंदेवाल्यांची मुलगी.

“पहिलीला मी जन्मले. तिला सात कशाला लावतीस?”

“मग एकोणपन्नास.”

“असंल. तुझ्या पाढ्यात काय ते बघ.”

आता नियम. हा नीट वाचा, सगळं भांडण त्याचंच आहे. कारवी फुलते, मग बोंडं धरते आणि झाड उभ्या उभ्या मरतं. पण बी लगेच पडत नाही. हिवाळा जातो, उन्हाळा जातो, आणि पावसाच्या तोंडाशी हवेत ओल आली की वाळलेली बोंडं तडकतात आणि बी उडतं. तोपर्यंत कोयता लावायचा नाही. बी पडलं की मग तोडायची, आणि त्या वाळलेल्या काठ्या उभ्या लावून, आडव्या कामट्या बांधून, शेणामातीने लिंपून घराचा कुड करायचा. कुड म्हणजे भिंत. ती पुढच्या कारवीपर्यंत टिकते. ओली तोडली तर दोन नुकसानं: काठीला किडा लागतो, आणि बी न पडल्यामुळे सात वर्षांनी तिथे काही फुलत नाही. आणि डोंगरावर प्रत्येक घराचा वाटा ठरलेला आहे. कागद नाही, कुंपण नाही, पण अमक्याच्या उतारावर तमका कोयता घेऊन जात नाही.

“तुमचा वाटा कुठला?” मी विचारलं.

“तू उभी होतीस तोच. वाटेकडचा.”

मावशींच्या घराची मागची भिंत खालून वाळवीने खाल्लेली होती. तिथे त्यांनी एक फ्लेक्स बांधला होता, कुठल्या तरी बिल्डरचा, बदलापूरच्या नाक्यावरून आणलेला. ‘तुमच्या स्वप्नातलं घर’ आणि स्विमिंग पूल. मी हसले. मग मावशी बोलल्या आणि हसू गेलं.

“हा पाऊस ह्याच्याआड काढला. पुढच्याच्या आधी कुड उभा करायचा. लेकीचं लगीन झालंय औंदा. पहिलं बाळंतपण माहेरात असतं. ह्या पोहायच्या टाकीच्या आड काय बाळंतीण निजवू?”

निघताना त्यांनी रोशनीची जीन्स चिमटीत धरून बघितली. गोधडीला हे कापड चांगलं, म्हणाल्या. रोशनीने जागच्या जागी कबूल केलं, “पप्पांच्या कारखान्यात कात्रण पडलंय नुसतं. पोतंभर आणते.”

इथपर्यंत गोड आहे. इथे थांबले असते तर पोस्ट छोटी झाली असती.

मी फोटो टाकला. लोकेशन टाकलं नाही, तेवढी अक्कल होती. तुम्ही विचारत राहिलात, मी उत्तर दिलं नाही. एकालाच दिलं. सागर, आमच्याच वर्गातला, अंबरनाथ पश्चिमेला राहतो, झाडं लावतो, प्लास्टिकची पिशवी घेत नाही. त्याने लिहिलं, ‘मी कुणाला सांगणार नाही, फक्त मला.’ मी त्याला वळणासकट सगळं सांगितलं. आंब्याखाली गाडी लाव, पायवाट धर. पत्ता सांगितला, नियम सांगितला नाही. वाटलं, तो तर निसर्गवाला आहे, त्याला माहीत असणार.

दहा-बारा दिवसांनी गणपती बसले. संध्याकाळी मी अंबरनाथला सागरच्या मंडळात दर्शनाला गेले. देखावा होता, ‘आपले आदिवासी, आपला निसर्ग’. थर्माकोल शून्य. खरी झोपडी उभी केलेली, स्पीकरमधून पक्ष्यांचे आवाज, कपड्यांच्या दुकानातल्या दोन पुतळ्या लुगडं नेसवून उभ्या, त्यांचे ओठ लालभडक. आणि झोपडीचा कुड अख्खा हिरव्या कारवीचा. वर सुकायला लागलेली जांभळी फुलं.

सागर धावत आला. “बघितलंस? ओरिजिनल माल! टेम्पो घेऊन गेलो होतो. तुझ्यामुळे झालं यार. बोर्डवर तुझं नाव टाकू? संकल्पना सहकार्य?”

“कुठून तोडलीस?”

“तू सांगितलंस तिथून. वाटेजवळच होती, वर चढायलासुद्धा लागलं नाही.”

रांगेतल्या एक काकू मुलीला सांगत होत्या, “बघ, किती कमी वस्तूंत राहतात ही लोकं.” मला रडू येईना आणि ओरडताही येईना. मी सागरला मागच्या बाजूला नेलं आणि सगळं सांगितलं. किडा, बी, वाटा, बाळंतपण. त्याचा चेहरा उतरत गेला. शेवटी म्हणाला, “पण आम्ही तर इको-फ्रेंडली...” आणि ते वाक्य त्याने स्वतःच सोडून दिलं.

विसर्जनानंतरच्या रविवारी आम्ही तिघं गेलो. टेम्पोत झोपडीच्या सगळ्या काठ्या, रोशनीचं कात्रणाचं पोतं. सागरला वाटत होतं, काठ्या परत दिल्या की निदान भिंत तरी होईल. मला वाटत होतं की मावशींना अजून कळलंच नसेल, आधी मी सांगेन, नीट शब्दांत. टेम्पोत बसून मी वाक्यं जुळवत होते. लिहिणाऱ्यांची ही खोड.

मावशी अंगणात काकड्या निवडत होत्या. टेम्पोकडे बघितलं, उठल्या नाहीत. चहाचं विचारलं नाही.

“मावशी, मला तुम्हाला एक सांगायचंय...”

“बघितला मी गणपती,” त्या म्हणाल्या. “अंबरनाथ स्टेशनाच्या बाजूला भाजी घेऊन बसते ना मी. बाजारच्या बायांनी हात धरून नेला. म्हणाल्या, चल नामे, तुझं घर आलंय अंबरनाथला.”

रोशनीने पोतं खाली ठेवलं.

“ती तुमचीच कारवी, हे कशावरून कळलं?” सागरने हळूच विचारलं.

“कापावरून. कोयत्याचा काप तिरका असतो. माझ्या वाट्यातली सगळी खुटं सरळ. करवत लावली. तुमच्या झोपडीत बी सगळं सरळ.” मग त्याच्याकडे पहिल्यांदा नीट बघून, “तू बांधलास तो कुड?”

“हो.”

“उलटा बांधलास. शेंडा खाली, बूड वर. धूर जायला बी जागा नाय. त्या बाया जिवंत असत्या तर गुदमरून मेल्या असत्या.”

रोशनीला हसू आवरेना, आणि तिचं बघून मला. सागर मान खाली घालून उभा. मावशी हसल्या नाहीत.

“पत्ता मी दिला होता, मावशी,” मी म्हणाले. जुळवलेल्या वाक्यांतलं एकही आलं नाही. “नियम सांगायचा राहिला.”

“राहिला कसा? तुला तर मी सांगितला होता.”

याला काय उत्तर देणार? तुम्हीच सांगा. नको, राहू दे.

काठ्यांकडे त्यांनी वाकून बघितलं, एक नखाने टोकरली. भिंतीला उपयोग नाही म्हणाल्या, आतून पिठूळ होणार. दोडक्याच्या मांडवाला घालू, एक साल निघेल. कात्रणाचं पोतं मात्र त्यांनी उघडलं, हात आत घातला, आणि मग रोशनीला म्हणाल्या, “तू दिलेला शब्द ठेवलास गं बाय.” तिला एकटीला. ते मला अजून टोचतं, आणि टोचायलाच हवं.

सागरने नवीन पत्रे आणून द्यायची गोष्ट काढली. मावशींनी त्याला पूर्ण बोलूसुद्धा दिलं नाही. “पत्र्याच्या खोलीत वैशाखात तू नीज आधी.” पाड्यातली दोन-चार माणसं जमली होती. त्यांच्यात बराच वेळ बोलणं झालं, अर्धं मला कळलं नाही. शेवटी ठरलं ते असं: ज्यांचे वाटे वर कड्याखाली आहेत त्यांनी बी पडल्यावर घरटी एक मोळी नामीला द्यायची. पण वरून खाली आणायची कुणी? त्या वेळी प्रत्येकाचं स्वतःच्या कुडाचं काम असतं.

मावशींनी बोट केलं. एक माझ्याकडे, एक सागरकडे. “ही दोन माणसं. लिंपायला बी हीच.”

“कधी यायचं?” मी विचारलं. “तारीख सांगा, रजा टाकते.”

“कारवीला तारीख विचारून ये,” त्या म्हणाल्या. आणि मग चहा ठेवला.

घरी आले, अंघोळ केली, फोन उघडला तर फोटोखाली तुमच्या एकोणीस नवीन कमेंट. ‘लोकेशन प्लीज.’

त्याला आता आठ महिने झाले. या काळात मी बऱ्याच ठिकाणी फिरले, त्या पोस्ट तुम्ही वाचल्यात, पत्त्यांसकट. पण रोज कपडे वाळत घालताना मी त्या डोंगराकडे वेगळं बघते. पूर्वी तो आमच्या बिल्डिंगच्या मागे होता. आता कधीकधी असं वाटतं, आमची बिल्डिंग त्याच्यासमोर कुणीतरी तात्पुरती उभी केलीय, आमच्या भिंतीवर पुराची रेघ आहे आणि रंग काढला की आम्ही ती विसरतो. मावशींची भिंत सात वर्षांत जाते, पण कुठली काठी कुणाच्या वाट्यातली हे त्यांना पाठ आहे. हजार वर्षांच्या मंदिरासमोर मी फोटो काढून वीस मिनिटांत निघाले होते. आणि एका पडक्या कुडाने मला आठ महिने धरून ठेवलंय. का, ते मलाही पुरतं कळलेलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग झालं ना, नियम तू सांगितलास, आम्ही वाचला, आम्ही हात लावणार नाही, आता पत्ता दे. मी पण ऐकला होता. समोर बसून, चहा पीत, मान डोलवत. नियम ऐकून कळत नाही बहुतेक. हाताने लिंपून कळतो का, ते बघायला चाललेय.

कारण काल सकाळी मावशींचा फोन आला. हॅलो नाही, काही नाही. नुसतं म्हणाल्या, “ऐक,” आणि फोन डोंगराकडे धरला असावा. आधी वारा. मग टक्. मग बराच वेळ काही नाही. मग टक्, टक्, कुठेतरी लांब, जणू कुणीतरी डोंगरभर बोटं मोडतंय.

“तडकायला लागली,” मावशी म्हणाल्या. “लेक आलीय. सातवा हाय. पाऊस थांबायचा नाय तुमच्यासाठी.”

घरटी एक अशा दहा-बारा मोळ्या. एक भिंत होईल की अर्धीच होईल, मावशींनाही माहीत नाही. सागरने करवत नाही, कोयता घेतलाय, आणि यूट्यूब बघून तिरका काप शिकलोय म्हणतो. त्याला मावशी काय बोलतील याची मला आत्ताच मजा वाटतेय. खाली रोशनीचा हॉर्न वाजतोय, तिसऱ्यांदा. फोन मी घरी ठेवून चाललेय आणि या पोस्टखालच्या कमेंट बंद केल्यात, तेव्हा टाइप करणं थांबवा. चप्पल घातली. गेले.